पाच सेकंदांचा पट

1938 च्या नोव्हेंबरात हॉलंडमधल्या ‘आव्रो’ या नभोवाणी संस्थेने जगातले आठ बलाढ्य बुद्धिबळपटू एका स्पर्धेसाठी बोलावले. जगज्जेता अलेखिन, माजी जगज्जेते कापाब्लांका आणि माक्स यूवे, शिवाय बोत्विनिक, केरेस, फाइन, रेशेव्स्की आणि फ्लोर. इतके मोठे खेळाडू एकाच वेळी एका छोट्या देशात असणं ही दुर्मीळ गोष्ट होती, आणि अॅड्रियान दे ग्रोट नावाच्या चोवीस वर्षांच्या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने ती वाया जाऊ दिली नाही. दे ग्रोट स्वतः चांगला खेळायचा. आदल्याच वर्षी तो हॉलंडच्या संघातून ऑलिंपियाड खेळून आला होता. आपल्यात आणि अलेखिनमध्ये मोठी दरी आहे हे त्याला माहीत होतं. ती दरी नेमकी कशाची, हे मात्र कोणीच सांगू शकत नव्हतं.

लोकांचं उत्तर तयार होतं, आजही असतं. मोठा खेळाडू पुढच्या दहा-वीस खेळ्या पाहतो, आपण दोन पाहतो. फरक हिशेबाचा. दे ग्रोटने हे उत्तर तपासायचं ठरवलं. त्याने साधी युक्ती केली. खऱ्या डावातली एक अवघड स्थिती पटावर मांडायची, समोरच्याला खेळी शोधायला सांगायचं, आणि डोक्यात जे चाललं असेल ते मोठ्याने बोलायला लावायचं. बोललेलं सगळं लिहून घ्यायचं. अलेखिन, यूवे, केरेस, फाइन, फ्लोर, तार्ताकोव्हर अशी माणसं त्याच्यासाठी मोठ्याने विचार करत बसली. त्याच स्थिती त्याने क्लबातल्या साध्या खेळाडूंसमोरही ठेवल्या.

मग त्याने टिपणं मोजायला घेतली. कोणी किती खेळ्या तपासल्या, किती खोल गेले. अगदी कच्च्या खेळाडूपेक्षा बऱ्यापैकी खेळणारा माणूस जास्त शक्यता तपासतो, हे दिसलं. पण तिथून वर, मास्टर आणि ग्रँडमास्टरपर्यंत, हा आकडा फारसा वाढतच नव्हता. जगज्जेता आणि क्लबातला तरबेज खेळाडू साधारण तितक्याच फांद्या चाळत होते. फरक एवढाच की जगज्जेता योग्य फांद्यांवरूनच सुरुवात करत होता. जी खेळी क्लबातल्या अनेकांनी विचारातही घेतली नाही, ती ग्रँडमास्टरांच्या बोलण्यात पहिल्या काही वाक्यांतच येत होती.

ज्या गृहीतकावर सगळा प्रयोग उभा होता तेच कोसळलं. अशा वेळी बरेच संशोधक आकड्यांना दोष देतात. दे ग्रोटने दुसरा प्रश्न विचारला: हिशेब सुरू होण्याआधी काय घडतं? पट पाहिल्या पाहिल्या, पहिल्या काही सेकंदांत? त्याने अपरिचित डावांतल्या स्थिती काही सेकंद दाखवून झाकल्या आणि आठवून मांडायला सांगितलं. यूवेंच्या दर्जाचा खेळाडू जवळजवळ सगळा पट परत मांडत होता. कमी दर्जाच्या खेळाडूच्या हाती जेमतेम निम्म्या सोंगट्या लागत होत्या. मोठ्या खेळाडूचं मोठेपण पाहण्यात होतं. हे सगळं मांडणारा त्याचा प्रबंध 1946 मध्ये डच भाषेत प्रसिद्ध झाला. इंग्रजीत यायला त्याला 1965 साल उजाडावं लागलं, आणि तोवर जगाने त्याची फारशी दखल घेतली नव्हती.

एक अडचण दे ग्रोटपाशी शेवटपर्यंत राहिली. त्याच्याकडे ‘ग्रँडमास्टर’, ‘मास्टर’, ‘क्लबचा खेळाडू’ अशी नावं होती, मापपट्टी नव्हती. एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा किती चांगला, हे सांगण्याची खात्रीची सोय त्या काळी कुठेच नव्हती. ती सोय तयार झाली अमेरिकेत, एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकाच्या टेबलावर.

अर्पाद एलो यांचा जन्म 1903 चा, हंगेरीतल्या एका खेड्यातला. दहा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर ते अमेरिकेत आले, शिकागो विद्यापीठात शिकले आणि मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवू लागले. बुद्धिबळही मनापासून खेळायचे. विस्कॉन्सिन राज्याचं अजिंक्यपद त्यांनी आठ वेळा मिळवलं. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेत 1950 पासून केनेथ हार्कनेस यांची गुणपद्धत चालू होती. ती समजायला सोपी होती. स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी काढायची. तुम्ही निम्मे गुण मिळवले तर तुमची कामगिरी त्या सरासरीइतकी. निम्म्याच्या वर प्रत्येक टक्क्याला दहा गुण जास्त, खाली प्रत्येक टक्क्याला दहा कमी. आता हिशेब करून पाहा. 1600 चा खेळाडू 2200 सरासरीच्या स्पर्धेत उतरला आणि एकूण एक डाव हरला. शून्य टक्के, म्हणजे 2200 मधून 500 वजा. त्याची कामगिरी 1700 ठरते. सगळं हरूनही तो वर चढतो!

1959 मध्ये संघटनेने ही पद्धत दुरुस्त करण्यासाठी समिती नेमली आणि एलोंना तिचे प्रमुख केलं. डागडुजी करता आली असती. एलोंनी मुळापासून विचार केला, आणि तो प्रयोगशाळेत मोजमापं घेणाऱ्या माणसाचा विचार होता. एकच वस्तू पुन्हा पुन्हा मोजली तर दर वेळी आकडा थोडा वेगळा येतो. आकडे खऱ्या मापाभोवती विखुरलेले असतात, जवळचे जास्त, दूरचे कमी. एलो म्हणाले, खेळाडूचंही असंच आहे. कोणीही रोज सारख्या ताकदीने खेळत नाही. त्याचा प्रत्येक डाव म्हणजे त्याच्या खऱ्या ताकदीचं एक हुकलेलं मोजमाप. मग एखाद्या डावातून ताकद कळणारच नाही. अनेक डावांतून तिचा अंदाज तेवढा बांधता येईल.

यातून पुढची पायरी आपोआप आली. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधला, म्हणजे ताकदीच्या अशा अंदाजांमधला, फरक माहीत असेल, तर कोणाला किती गुण मिळावेत हे आधीच सांगता येतं. दोघं समान असतील तर निम्मे निम्मे. 200 चा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत सुमारे 76 गुण मिळवावेत. 400 चा फरक असेल तर सुमारे 92. प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळाले तर रेटिंग वाढवायचं, कमी मिळाले तर उतरवायचं. म्हणजे रेटिंग हे एक भाकीत आहे आणि प्रत्येक डाव त्या भाकिताची परीक्षा घेतो. भाकीत चुकलं की आकडा हलतो. दुबळ्याला हरवून हाती जवळपास काही लागत नाही, बलाढ्याशी हरून फारसं जात नाही. अमेरिकेने ही पद्धत 1960 मध्ये स्वीकारली, आणि फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, 1970 मध्ये. त्याच वर्षी फिडेचे अध्यक्ष झाले माक्स यूवे. ज्यांनी दे ग्रोटसाठी झाकलेला पट आठवून मांडला होता, त्यांच्याच कारकिर्दीत जगाला खेळाडू मोजण्याची पट्टी मिळाली.

1971 च्या यादीत बॉबी फिशरच्या नावापुढे 2760 होते. त्या याद्या सुरुवातीची कित्येक वर्षं एलो स्वतः हाताने आणि छोट्या गणकयंत्रावर करत असत. आपल्या पट्टीच्या मर्यादा त्यांच्याइतक्या कोणालाच ठाऊक नव्हत्या. ते म्हणायचे, हे काम म्हणजे पाण्यावर वरखाली होणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यात हेलकावणाऱ्या दोरीला बांधलेल्या फूटपट्टीने मोजणं. ज्याने पट्टी बनवली त्याने हे सांगितलं आहे, आणि आज पाच गुण गेले म्हणून रात्री न जेवता झोपणाऱ्या मुलांच्या घरी ते कोणीतरी सांगायला हवं.

हे हेलकावे केवढे असतात याचा अंदाज एलोंच्याच गणितातून काढता येतो. नऊ डावांची स्पर्धा घ्या. खेळाडूच्या ताकदीत काडीचाही बदल झालेला नसताना, केवळ योगायोगाने, त्याची कामगिरी खऱ्या पातळीच्या शंभर-एक गुण वर किंवा खाली सहज दिसू शकते. एका स्पर्धेवरून ‘मुलगा सुधारला’ किंवा ‘मुलगी घसरली’ असं ठरवणं म्हणूनच चूक आहे. ते दुसऱ्या-तिसऱ्या स्पर्धेनंतरही घाईचंच असतं.

आता पट्टी हातात आली होती. त्या पट्टीवर जे वाढतं ते काय असतं, हा दे ग्रोटचा प्रश्न अजून तसाच होता. तो पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पुन्हा उचलला गेला. हर्बर्ट सायमन हे अनेक शाखांत वावरणारे विद्वान होते. त्यांना पुढे 1978 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर मानसशास्त्रज्ञ विल्यम चेस. या दोघांनी दे ग्रोटचा झाकलेल्या पटाचा प्रयोग घेतला, आणि या वेळी खेळाडूंची निवड रेटिंगच्या वर्गांवरून झाली: एक मास्टर, एक ‘अ’ वर्गातला चांगला खेळाडू, एक नवशिका.

पडदा उठायचा. समोर खऱ्या सामन्यातल्या मधल्या टप्प्यावरची स्थिती, पंचवीसच्या आसपास सोंगट्या. पाच सेकंद. पडदा बंद. मास्टर सुमारे सोळा सोंगट्या बरोबर घरांत ठेवायचा, ‘अ’ वर्गातला सुमारे आठ, नवशिका चार. इथपर्यंत दे ग्रोटचंच पुन्हा सिद्ध झालं. मास्टरची स्मरणशक्ती जबरदस्त असते, असा निष्कर्ष काढून थांबता आलं असतं.

त्यांनी आणखी एक चाचणी केली, आणि माझ्या मते बुद्धिबळाच्या विज्ञानातला सर्वांत सुंदर क्षण हाच आहे. त्याच सोंगट्या, तेवढ्याच, पण पटावर कशाही विखुरलेल्या. कोणत्याही डावात येणार नाही अशी मांडणी: उंट इकडे, प्यादी तिकडे, राजा कुठेतरी मध्येच. पुन्हा पाच सेकंद. आणि मास्टर आपटला. तीन-चार सोंगट्या, बस. नवशिक्याइतक्याच. ज्या माणसाने आत्ता सोळा सोंगट्या धडाधड मांडल्या होत्या, त्याची स्मृती अर्थहीन पटासमोर सामान्य माणसाची होऊन बसली. (गोबे आणि सायमन यांनी 1996 मध्ये दाखवलं की विस्कळीत पटावरही मास्टर किंचित सरस ठरतात, कारण योगायोगाने तिथेही एखादी ओळखीची जोडी सापडते. त्याने मूळ गोष्ट अधिकच पक्की होते.)

मास्टरला सोळा सोंगट्या दिसतच नव्हत्या. त्याला चार-पाच गोष्टी दिसत होत्या. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि बाजूचा घोडा, ही एक गोष्ट. हत्तीमागे हत्ती एकाच रांगेत, ही दुसरी. एकमेकांना अडवून बसलेल्या प्याद्यांची साखळी, ही तिसरी. समोरचा पट पाहून शेजारी जसाच्या तसा मांडायला सांगितलं तेव्हा हे आणखी स्पष्ट झालं. खेळाडू सोंगट्या झुपक्याझुपक्याने ठेवत होते, आणि दोन झुपक्यांच्या मध्ये दोन सेकंदांहून लांब विराम येत होता. झुपक्यांची संख्या मास्टरची आणि नवशिक्याची फार वेगळी नव्हती. मास्टरचा एकेक झुपका मोठा होता.

असे किती नमुने मास्टरच्या डोक्यात साठलेले असावेत? चेस आणि सायमन यांचा अंदाज हजारोंचा, पन्नास हजारांच्या आसपासचा होता. आणि ते साठवायला किती काळ लागतो? इतिहास चाळून त्यांनी लिहिलं की साधारण दहा वर्षं झोकून दिल्याशिवाय ग्रँडमास्टर झालेला माणूस सापडत नाही. फिशर थोडा आधी पोचला, पण थोडाच.

हंगेरीत याच सुमाराला लास्लो पोल्गार नावाचे शिक्षणतज्ज्ञ वेगळ्या वाटेने त्याच प्रश्नावर काम करत होते. प्रतिभा घडवता येते, असा त्यांचा ठाम विश्वास. त्यांनी आपल्या तिन्ही मुलींना शाळेत न घालता बुडापेस्टमधल्या घरीच शिकवलं, आणि त्यात बुद्धिबळ मुख्य. 1969 ची सुसान, 1974 ची सोफिया, 1976 ची ज्युडिट. सुसान चार वर्षांची असताना बुडापेस्टच्या अकरा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेत तिने सगळेच्या सगळे, दहाही डाव जिंकले. 1984 मध्ये, पंधराव्या वर्षी, ती महिलांच्या जागतिक यादीत पहिली होती.

आणि इथे पट्टीच वाकवली गेली. जानेवारी 1987 च्या यादीत फिडेने जगातल्या खेळणाऱ्या सर्व स्त्रियांच्या रेटिंगमध्ये शंभर गुण घातले. सगळ्यांच्या, फक्त सुसान पोल्गारच्या नाही. कारण असं दिलं गेलं की इतर स्त्रिया आपसातच खेळत राहिल्याने त्यांचे आकडे खाली राहिले होते, आणि सुसान पुरुषांशी खेळत असल्याने तिचा आकडा योग्य होता. एका रात्रीत तिचं पहिलं स्थान गेलं. युक्तिवादात गणित नव्हतं असं नाही. दोन गट एकमेकांशी खेळलेच नाहीत तर त्यांचे आकडे तुलनेचे राहत नाहीत, ही एलोच्या पद्धतीची खरी मर्यादा आहे. तरी सतरा वर्षांच्या मुलीवर झालेला तो उघड अन्याय होता. स्त्रियांना पुरुषांशी खेळू देणं हाच त्यावरचा खरा उपाय, आणि त्यासाठीची लढाई आपल्याकडे दहा वर्षं आधी झाली होती. 1976 मध्ये मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि फिडेच्या अध्यक्षांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून स्त्रियांना वगळता येणार नाही. अध्यक्ष होते माक्स यूवे.

पोल्गारांच्या घरातून पुढे जे निघालं ते मला बापाच्या सिद्धांतापेक्षा जास्त बोलकं वाटतं. ज्युडिट जानेवारी 1989 मध्ये, बारा वर्षांची असताना, महिलांच्या यादीत पहिली आली आणि 2014 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथून हललीच नाही. पंधरा वर्षं आणि चार महिन्यांची असताना ती ग्रँडमास्टर झाली; सर्वांत लहान ग्रँडमास्टरचा फिशरचा विक्रम मोडला. तिचं सर्वोच्च रेटिंग 2735. सुसानचं 2577. सोफियाचं 2505. एकच घर, एकच बाप, लहानपणापासून एकच शिस्त, आणि थोरल्या-धाकटीत दीडशेहून जास्त गुणांचं अंतर. एलोच्या तक्त्याप्रमाणे ज्युडिटने सुसानशी शंभर डावांत सत्तरच्या आसपास गुण मिळवायला हवेत. त्यातली सोफिया 1989 मध्ये, चौदाव्या वर्षी, रोमच्या एका स्पर्धेत नऊपैकी साडेआठ गुण मिळवून गेली. समोर ग्रँडमास्टर होते. बुद्धिबळाच्या इतिहासातल्या थोर कामगिऱ्यांमध्ये ती आजही गणली जाते. रोमची ती स्पर्धा पाहून कोणीही म्हणालं असतं, तिघींत हीच पुढे जाणार.

सरावाने माणूस घडतो हे त्या घराने दाखवलं. सारख्या सरावाने सारखी माणसं घडत नाहीत, हेही त्याच घराने दाखवलं. पण तीन बहिणी म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा आला बुएनोस आयरिसहून.

फर्नांद गोबे हे स्वतः आंतरराष्ट्रीय मास्टर असलेले मानसशास्त्रज्ञ, आणि गिलेर्मो काम्पितेली अर्जेंटिनाचे. त्यांनी अर्जेंटिनातल्या 104 खेळाडूंना, साध्या क्लबवाल्यापासून ग्रँडमास्टरपर्यंत, त्यांच्या सरावाचा वर्षावर्षाचा हिशेब विचारला. अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मास्टर पातळीला पोचायला सरासरी अकरा हजार तास लागले होते. सगळीकडे बोलला जाणारा दहा हजार तासांचा आकडा बरोबर निघाला असं कोणाला वाटेल. पण सरासरीच्या मागे पाहा. एक खेळाडू जेमतेम तीन हजार तासांत तिथे पोचला होता. दुसऱ्याला तेवीस हजारांहून अधिक तास लागले. एकाच पायरीवर उभे असलेल्या दोन माणसांपैकी एकाने दुसऱ्याच्या जवळपास आठपट कष्ट केले होते. आणि असेही काहीजण होते ज्यांनी पंचवीस हजार तास घालूनही ती पातळी गाठली नव्हती. वयाचाही मोठा वाटा दिसला: बारा वर्षांच्या आत मन लावून सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे चौघांत एक आंतरराष्ट्रीय दर्जाला पोचला होता, बाराव्या वर्षानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण पन्नासात एकापर्यंत खाली येत होतं.

या आकड्यांनी मी बराच काळ अस्वस्थ होतो. कष्टावरची श्रद्धा आपल्या हाडात मुरलेली असते, आणि ती चुकीची नाही. 104 जणांत वर पोचलेला एकही खेळाडू कष्टांवाचून पोचला नव्हता. पण ‘इतके तास घाल, इतकं रेटिंग मिळेल’ असा भाव कोणत्याही क्लासने, कोणत्याही प्रशिक्षकाने सांगू नये. विज्ञानाकडे असा भाव नाही.

तास कशात घालवले यालाही महत्त्व आहे. नील चार्नेस आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं की रेटिंगशी सर्वांत घट्ट नातं एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचं असतं: छापील डाव पटावर मांडून पाहणं, पुढची खेळी आधी स्वतः शोधणं, मग मास्टरने काय केलं ते ताडून पाहणं. स्पर्धा खेळण्याचे तासही उपयोगी, पण त्यांचा वाटा त्याहून कमी. चेस आणि सायमन यांच्या झुपक्यांकडे परत गेलं की याचं कारण दिसतं. नमुना डोक्यात बसायला तो सावकाश, पुन्हा पुन्हा, अर्थासकट पाहावा लागतो. तीन मिनिटांच्या ऑनलाइन डावात सोंगट्या झरझर सरकतात. त्यातून आधी असलेले नमुने वापरले जातात, नवे क्वचितच घडतात.

नवशिक्याची वाढ सुरुवातीला वेगाने का होते आणि मग का अडते, हेही इथूनच समजतं. पहिल्या टप्प्यावर डाव हरतो तो फुकट दिलेल्या सोंगट्यांमुळे: घोडा मारात ठेवला, वजिरावर आलेला हल्ला दिसला नाही, शेवटच्या रांगेवर मात झाली. असे नमुने थोडे आहेत, आणि ते दिसायला लागले की एकामागून एक शेकडे चढतात. त्यापुढे प्रतिस्पर्धीही फुकट काही देत नाही. आता दर 200 गुणांमागे लागणारे नमुने आधीच्या टप्प्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि कितीतरी बारीक. पायरीची उंची तीच, पण प्रत्येक पायरीसाठी लागणारं बळ वाढत जातं. मुलाचा आकडा सहा महिने जागचा हलत नाही तेव्हा बहुधा तो आळशी झालेला नसतो. तो कठीण पायरीवर आलेला असतो.

शिवाय रेटिंग वाढीच्या मागून चालतं. भाकीत चुकलं की आकडा किती हलायचा हे एका गुणकावर ठरतं. फिडेच्या नियमांत नव्या खेळाडूचा गुणक 40 असतो, पहिले तीस डाव होईपर्यंत. अठरा वर्षांखालच्यांना तो 2300 पर्यंत लागू राहतो. बाकीच्यांना 20, आणि 2400 गाठलेल्यांना 10. समान खेळाडूला हरवलं तर गुणकाच्या निम्मे गुण मिळतात. म्हणजे नवा मुलगा एका विजयात 20 गुण चढेल तिथे मोठा माणूस 10 चढतो. इतकं करूनही भराभर शिकणारी मुलं आपल्या आकड्याच्या पुढेच असतात. भारतात लहान मुलं प्रचंड संख्येने खेळतात आणि आपसातच खेळतात. गट बंदिस्त राहिला की काय होतं ते सुसानच्या वेळी दिसलंच होतं. अशा सगळ्या मुलांमुळे जगभर खालच्या पातळीवरचे आकडे खऱ्या ताकदीपेक्षा बरेच उतरले. शेवटी 1 मार्च 2024 रोजी फिडेने 2000 च्या खालच्या प्रत्येक खेळाडूचं रेटिंग उचललं: 2000 पासून जितकं अंतर, त्याच्या चार दशांश गुण वर. 1200 चा मुलगा सकाळी उठला तेव्हा 1520 चा झाला होता. रात्रीत तो एकही नवी गोष्ट शिकला नव्हता. सर्वांत खालची मर्यादाही 1000 वरून 1400 वर आणली गेली.

जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांच्या विश्वचषकाला नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख उतरली तेव्हा मानांकनानुसार तिचा क्रमांक पंधरावा होता आणि रेटिंग 2500 च्या खाली. ग्रँडमास्टर व्हायला एरवी 2500 चा टप्पा आणि तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांमधल्या ठरावीक दर्जाच्या कामगिऱ्या, लागतात; तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून ती विजेती झाली आणि थेट ग्रँडमास्टरही. एलोच्या गणिताला यात काही धक्का बसत नाही. कमी रेटिंगच्या खेळाडूने जिंकण्याची शक्यता त्या गणितात पहिल्यापासून लिहिलेली आहे.

ज्यांची मुलं नुकतीच खेळू लागली आहेत आणि ज्यांनी स्वतः चाळिशीत पहिला पट विकत घेतला आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. पहिले तीस अधिकृत डाव होईपर्यंत रेटिंगकडे पाहू नका. त्या आकड्याला अजून काही माहीतच नसतं. त्यानंतरही तुलना करायची तर आजच्या आकड्याची गेल्या वर्षीच्या आकड्याशी करा, शेजारच्या मुलाच्या आकड्याशी नाही. कोणाला तीन हजार तास लागणार आहेत आणि कोणाला तेवीस हजार, हे कोणालाच माहीत नाही. आणि मूल स्पर्धेहून घरी आलं की ‘किती गुण वाढले?’ असं विचारण्याऐवजी हरलेला डाव पटावर मांडायला सांगा, आणि तो पूर्ण होईपर्यंत त्याच्यासमोर बसा.